कॅरव्हॅनकर

कॅरव्हॅनकर हा मुळशी तालुक्याच्या पूर्व भागात, म्हणजे भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि हिंजवडी-माण या पट्ट्यात आढळणारा गृहस्थ आहे. वय पंचेचाळीस ते अठ्ठावन्न. नोकरी संगणकाची, किंवा संगणकाने नुकतीच सोडवलेली. स्वतःच्या मालकीची एवढी मोकळी जागा मात्र हवीच, की सात मीटरची गाडी तिथे सहा-सहा महिने उभी राहिली तरी सोसायटीच्या चेअरमनला नोटीस काढता येऊ नये. ही अट पुरी न झाल्याने सदाशिव पेठेत ही जात रुजली नाही. तिथे स्कूटर लावायला जागा मिळाली तरी पेढे वाटतात.

कॅरव्हॅनकराचे जीवितध्येय एका वाक्यात सांगता येते: कुठलेही बुकिंग न करता, मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे, कोकणच्या समुद्रकाठी मुक्काम करायचा. या मनमौजीपणाची तयारी दसऱ्याला सुरू होते आणि प्रत्यक्ष प्रस्थान मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी ठरते.

तालुक्यातल्या मूळ रहिवाशाशी त्याची गल्लत करू नये. मूळ मुळशीकर कोकणात जातो तो रात्री अकराला पौडच्या नाक्यावर ठरवून. कोणीतरी म्हणतो, "चला रं हरेश्वरला," आणि स्कॉर्पिओत मावतील त्याहून दोघे जास्त बसतात. पहाटे समुद्र, सकाळी काळभैरवाचे दर्शन, दुपारी सुरमई आणि रात्री घरी म्हशीची धार. आखणी नावाचा प्रकार त्याला ठाऊक नसतो आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. कॅरव्हॅनकराला हे पाहून मनापासून वाईट वाटते.

या छंदाचे मूळ बहुधा सासरी असते. अमेरिकेतला मेहुणा थंडीत भाड्याची कॅरव्हॅन घेऊन फ्लोरिडाला जातो आणि तिथून व्हिडिओ पाठवतो. त्या देशात उत्तरेकडची पेन्शनर मंडळी गारठ्याला कंटाळून दक्षिणेच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने अशा घरगाड्यांतून राहतात, आणि गाडी लावायच्या जागी पाण्याचा नळ, विजेचे सॉकेट आणि सांडपाण्याची जोडणी अशा तिन्ही सोयी जमिनीतून वर आलेल्या असतात. मेहुणा नळ उघडून दाखवतो. मग दार उघडून दाखवतो. कॅरव्हॅनकर तो व्हिडिओ तीनदा पाहतो आणि चौथ्यांदा बायकोला दाखवतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅरव्हॅन पार्कांचा विचार केला. शासनाचा कागद हाती आला की त्याचा उरलासुरला संशय फिटतो. तो कागद तो छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गाडीत ठेवतो. वाटेत कोणी अडवलेच तर दाखवायला. आजवर तो कोणी पाहायला मागितलेला नाही.

गाडी शोधण्यात पहिला हिवाळा जातो. पाया बहुधा फोर्सच्या ट्रॅव्हलरचा असतो. कंपनीचे बजाज टेम्पो हे नाव २००५ मध्ये बदलले, तरी लोक या गाडीला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. भोसरीत प्रत्येकाच्या ओळखीचा एक फॅब्रिकेटर असतो आणि तो कुठल्याही गाडीचे काहीही करून द्यायला तयार असतो. आडवा येतो तो मोटार वाहन कायदा. १९८८ च्या या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. कॅरव्हॅनकर कायद्याला धरून चालणारा माणूस असल्यामुळे रीतसर कॅम्पर म्हणून नोंदलेली गाडीच घेतो, तिचे दुप्पट पैसे मोजतो, आणि फॅब्रिकेटरकडून फक्त मसाल्याच्या डब्यांची मांडणी करून घेतो.

गाडी गावात आली की पहिला आठवडा कठीण जातो. कित्येक रुग्णवाहिका याच सांगाड्यावर बांधलेल्या असल्याने, पांढरी, उंच, काळ्या काचांची गाडी बंगल्यासमोर दिसताच शेजारचे चौकशीला येतात. "कोन आजारी हाय, सायेब?" असे विचारणाऱ्याला कॅरव्हॅनकर आत नेऊन बेसिन, बेड, फ्रिज, शेगडी सगळे दाखवतो. म्हातारा शेतकरी शांतपणे पाहतो आणि विचारतो, "मागं बंगला असताना ह्यात का झोपायचं?" या प्रश्नाचे उत्तर एक्सेलच्या फाइलमध्ये नाही.

बाकी सगळे मात्र त्या फाइलमध्ये आहे. पाणी, वीज, किराणा, औषधे, भरती-ओहोटी, पर्यायी मुक्काम आणि पर्यायाचा पर्याय, असे तिचे विभाग असतात. किराण्याच्या विभागात ११७ व्या ओळीवर 'सांडशी (चिमटा नव्हे), खण ४, डावीकडे' अशी नोंद असते आणि 'जबाबदारी' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द असतो: सौ. दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट आणि भडंग यांचे वजन ग्रॅममध्ये मांडलेले असते. आहाराचा विभाग विशेष गुंतागुंतीचा. कोकणात जाऊन मासे खायचे नाहीत हे पाप, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार व संकष्टी ही विघ्ने. ती वगळून उरलेल्या दिवशी भरतीही सोयीची हवी, असे समीकरण सोडवता सोडवता होळी येते.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. टाकी १०० लिटरची. माणशी आंघोळीला एक बादली म्हणजे पंधरा-वीस लिटर. चार माणसे आणि भांडी धरली तर टाकी पहिल्याच सकाळी तळाला जाते. तरीही ही टाकी घरूनच भरून न्यायची असा त्याचा आग्रह असतो, कारण बाहेरचे पाणी बाधते. मुळशीचे पाणी कोकणात उतरवायची सोय टाटांनी १९२७ मध्येच करून ठेवली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीकरांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि पुढे कुंडलिकेतून समुद्राची वाट धरते. कॅरव्हॅनकर त्याच पाण्याशेजारून, ताम्हिणीची वळणे घेत, आणखी शंभर किलो पाणी डिझेल जाळून खाली नेतो.

विजेचे गणित सरळ नाही, आणि ते चुकते. मेमध्ये किनाऱ्यावर पारा फार चढत नाही, पण हवा इतकी दमट असते की टॉवेल सुकत नाही आणि पत्र्याची गाडी रात्रीही निवत नाही. त्यामुळे एसी हवाच. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज खातो. बारा व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तर तिच्यात २.४ युनिट असतात आणि साध्या बॅटरीतली निम्मीच वापरावी असे जाणकार सांगतात. म्हणजे एसी चालणार तास-सव्वा तास. रात्र मात्र आठ तासांची. यावर टपावर सोलर पॅनेल हा उपाय कॅरव्हॅनकराला सुचतो. ते दिवसा गाडी उन्हात उभी केली तर चांगले चालते. उन्हात उभी केलेली गाडी थंड करायला मग एसी जास्त लागतो.

वाऱ्याच्या बाबतीत त्याला शाळेतला भूगोल नडतो. समुद्रावरची झुळूक मिळावी म्हणून तो खिडक्यांची बाजू पाण्याकडे करून गाडी लावतो. दिवसा हे ठीक. रात्री मात्र खारे वारे थांबून मतलई वारे सुटतात, ते जमिनीकडून समुद्राकडे. खिडक्यांसमोर समुद्र गाजत राहतो, वारा पाठीमागच्या पत्र्यावर येऊन अडतो.

आता स्वच्छतागृह. या विषयावर कॅरव्हॅनकराच्या घरात जितकी चर्चा होते तितकी मुलांच्या लग्नावर होत नाही. गाडीत कपाटाएवढ्या जागेत कमोड असतो, त्याखाली सरकवता येणारी टाकी आणि तीत घालायचे निळे रसायन. ती रिकामी कुठे करायची? परदेशी त्यासाठी ठरलेल्या जागा असतात. माणगाव ते श्रीवर्धन रस्त्यावर तशी एकही जागा त्याला सापडत नाही. पेट्रोल पंपावर विचारायला तो मुलाला पाठवतो, मुलगा आईला पाठवतो, आणि आई गाडीतून उतरत नाही. शेवटी कुटुंबात ठराव होतो: कमोड फक्त आणीबाणीत, त्यातही लहान कामासाठी, आणि चालत्या गाडीत अजिबात नाही. मग आणीबाणी म्हणजे काय यावर पोटसमिती बसते. प्रवासाच्या दिवशी त्या कपाटात कांद्या-बटाट्यांची पिशवी, दोन छत्र्या आणि फोल्डिंगच्या खुर्च्या ठेवल्या जातात. परतीच्या वाटेवर तिथे हापूसच्या तीन पेट्या बसतात. सगळ्या गाडीत सर्वांत नेटका वापर या जागेचाच होतो.

मार्गाची आखणी त्यामानाने लवकर उरकते, कारण मुळशीतून कोकणात उतरायला ताम्हिणीसारखा दुसरा रस्ता नाही. पौड, माले, धरणाचा काठ, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा. पहाटे ४:४० चे प्रस्थान साडेसातला होते. माणगावात मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना दोन तासांचे 'बफर' खर्ची पडते. पुढे बागमांडल्याला बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचे, तर फेरीवर गाडी मोटार की मिनीबस यावर पाच मिनिटे वाद. "झोपायला गाद्या आहेत म्हणजे बस नाही," हा मुद्दा तिकीट फाडणाऱ्या पोऱ्याला पटत नाही. शासकीय धोरणाचा फोल्डर काढेपर्यंत फेरी सुटण्याची शिट्टी होते.

समुद्रकाठी पोचल्यावर थेट पुळणीवर गाडी लावावी, असे चित्र व्हिडिओत होते. ओल्या वाळूत तीन टनांची गाडी काय करते हे कोकणातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे आणि तो सुटीच्या दिवसांत किनाऱ्याच्या जवळपासच असतो. भरतीसाठी कॅरव्हॅनकराकडे तीन अ‍ॅप असतात आणि तिघांच्या वेळा वेगळ्या. तिथला म्हातारा कोळी तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो: अष्टमी, म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला पाणी भरणार. सहाच्या सुमाराला पाणी भरते. चाकाला लागायच्या आत ट्रॅक्टर गाडी ओढून काढतो.

यानंतर मुक्काम ज्या ठिकाणी पडतो तिथेच तो दरवर्षी पडतो: कोणातरी काकूंच्या वाडीत. हा योगायोग नव्हे. सौ.ने चैत्रातच फोन करून सांगितलेले असते, "काकू, एक खोली असू द्या आमच्यासाठी. ह्यांना मात्र बोलू नका." जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद गल्लीतून गाडी आत घेताना टपावरचा अँटेना सुपारीच्या झावळीत राहतो. काकू ओटीवरून सांगतात, "त्या आंब्याखाली लावा. पण वर कैऱ्या आहेत हो, टपावर पडतील." पहिली कैरी रात्री साडेदहाला पडते, सोलर पॅनेलवरच.

मेहुण्याच्या व्हिडिओतल्या तिन्ही सोयी परसात असतात: विहिरीच्या पंपाचा नळ, ओटीवरून खिडकीतून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि मागच्या बाजूचा संडास. एसी लावला की काकूंच्या माजघरातला पंखा मंदावतो, म्हणून अकराला तो बंद होतो. साडेअकराला मुले खोलीत जातात. बाराला सौ. जाते. कॅरव्हॅनकर तत्त्वाचा माणूस असल्याने एकटा दीडपर्यंत तग धरतो. सकाळी चहाला सगळ्यांच्या आधी तो गाडीतून उतरताना दिसतो. खोलीतून पहाटे पाचला परत जाऊन, दार आतून ओढून, पुन्हा उतरायचे असते.

स्वयंपाकही गाडीत एकदाच होतो. बोंबील. त्या वासाने उरलेले सर्व दिवस जेवणाच्या पंगती काकूंकडेच बसतात: मोदक, आंबोळ्या, सोलकढी. १ किलो २०० ग्रॅम मेतकुटाला शेवटपर्यंत कोणी हात लावत नाही.

जूनमध्ये ताम्हिणीत पाऊस उतरला की गाडीवर ताडपत्री पडते. चार महिने तिचा उपयोग घरातल्या घरात होतो. पाहुणे जास्त झाले की पुतण्या तिथे झोपतो. एरवी 'वर्क फ्रॉम होम'च्या दिवशी कॅरव्हॅनकर स्वतः आत जाऊन बसतो. बंगल्यातून वायर ओढलेली असल्याने इथे एसी दिवसभर चालतो. खाऱ्या हवेने गंजलेल्या बिजागऱ्यांचा खर्च नव्या फाइलमध्ये चढतो आणि दसऱ्याला तारकर्लीचा आराखडा सुरू होतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी गाडी विकायला निघते. 'एकहाती, कुटुंबाची, जवळजवळ न वापरलेली' अशी जाहिरात येते, आणि त्यात तिळभरही खोटे नसते. गिऱ्हाईक बहुधा दोन गावे पलीकडचे. त्याला बेसिन दाखवले जाते, शेगडी पेटवून दाखवली जाते, कमोडचे कपाट उघडून छत्र्या बाहेर काढल्या जातात. सौदा ठरल्यावर कॅरव्हॅनकर भावुक होऊन एक्सेलची फाइल भेट म्हणून देऊ करतो. गिऱ्हाईक ती घेत नाही. त्याने स्वतःची केलेली असते.