घराचा सौदा आणि वकीलसाहेब: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

घर घेताना वकील केव्हा गाठावा, याबद्दल आपल्या छत्रपती संभाजीनगरात एकमत आहे: इसार देऊन झाल्यावर. शनिवारी बीड बायपासला फ्लॅट बघावा, रविवारी तो साडूला दाखवावा, एजंट "उद्या दुसरी पार्टी येतेय" म्हणाला की लाखभर रुपये हातावर टेकवावेत. मग सोमवारी अदालत रोडला जाऊन म्हणावं, "साहेब, जरा नजर टाका, बाकी सगळं क्लिअर आहे." हा क्रम बदलू नये. आधी गेलात तर वकील नाही म्हणू शकतो, आणि पैसे गुंतलेले नसल्यामुळे ते ऐकावं लागतं.

आता निवड. मुंबईच्या फोर्टात सॉलिसिटर नावाचा वेगळी परीक्षा दिलेला वर्ग असतो. आपल्याकडे दिवाणी काम करणारा वकीलच सगळं बघतो. १९८१ पासून इथे हायकोर्टाचं खंडपीठ असल्याने काळ्या कोटांची टंचाई नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी असल्यामुळे कोण चांगला हे विचारूनच कळतं, पण विचारत बसू नये. नात्यातला भाचा धरावा. तो जामिनाची कामं करतो, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना त्याने फक्त परीक्षेपुरता वाचलाय. पण तो फी घेत नाही.

भाचा नसेल तर बिल्डरचा वकील उत्तम. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. पण बिल्डरचा वकील कागद पुढे सरकवून "इथे सही करा" एवढंच म्हणतो, आणि त्याला कोण सल्ला म्हणतं? शिवाय बँक आहेच. "बँकेने लोन पास केलं म्हणजे टायटल क्लिअर" हे वाक्य पाठ करून ठेवा. बँकेचा वकील बँकेचे पैसे वसूल होतील का ते बघतो. तुमचे बुडतील का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

एवढं करूनही चुकून चांगला वकील पदरी पडलाच तर तो ओळखायचा कसा? तो फ्लॅट किती बीएचके आहे हे विचारत नाही. जमीन कुणाची होती, हे विचारतो.

तो तीस वर्षांचा सर्च घ्यायला लावेल. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी, इंडेक्स टू, एकेक फेरफार. (इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या साईटवर घरबसल्या, फुकट बघता येतो, पण हे माहीत झालं तर एजंटवरचा विश्वास उडेल.) तीस वर्षांवर तो थांबला तर नशीब. मराठवाड्याची जमीन निजामाच्या राज्यातून आलीय. १९४८ पर्यंत इथला महसुली कारभार उर्दूत चालला. त्यामुळे जुना वकील खासरा पत्रक मागतो, मुंतखब (इनामाचा निजामी दाखला) निघतो का बघतो, आणि तो वाचायला उर्दू जाणणारा माणूस शोधतो. जमीन इनामाची निघाली तर मदतमाश की खिदमतमाश, हा पुढचा प्रश्न. मदतमाश म्हणजे माणसाच्या निर्वाहासाठी, तर खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या किंवा मशिदी-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन. ती विकणाऱ्याच्या बापाची नसते, तो कितीही शपथा घेवो. वक्फ मंडळाचं मुख्यालय आपल्याच पाणचक्कीला आहे, तिथे जाऊन नोंद तपासता येते. पण पाणचक्की पाहुण्यांना दाखवायची असते, एवढंच आपल्याला ठाऊक.

मग तो विकणाऱ्याच्या बहिणी मोजतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क दिला. विकणारा म्हणतो, "बहिणींचं काही नाही, दिवाळीला साडी-चोळी करतो ना." वकील म्हणतो, परभणीची आणि जालन्याची, दोघी सहीला हव्यात, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र दाखवा. अशा वेळी आपण विकणाऱ्याची बाजू घ्यावी. माणूस भला दिसतो.

गुंठेवारीचा विषय निघाला की वकिलाचा आवाज बदलतो. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून या शहरात वसाहतींवर वसाहती उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. म्हणजे महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का, एवढा एकच प्रश्न. त्यावर द्यायचं उत्तरही ठरलेलं आहे: "सगळ्यांचंच तसं आहे साहेब, आख्खी गल्ली राहते." गल्ली राहते हे खरं. नोटीस येते तेव्हा तीही आख्ख्या गल्लीला येते.

आणि बॉण्ड! रजिस्ट्री होत नसेल तर विकणारा बॉण्डवर लिहून देतो, वर नोटरीचा लाल शिक्का. शिक्का दिसतो झकास. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली सुरज लॅम्प खटल्यात बजावून सांगितलं. तरी बॉण्डवाले मात्र तेजीत आहेत.

वकिलाबरोबर काम करायची रीत सोपी आहे. त्याला सगळं सांगू नये. कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवावेत, प्रत्येकात अंगठा यायला हवा. त्याने पेपरात जाहीर नोटीस द्यायचं सुचवलं तर "कशाला उगाच लोकांना सांगायचं" म्हणावं. कुणाची हरकत असेल तर ती पैसे दिल्यावर कळलेली बरी. बिल्डर नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, असं रेराचा कायदा सांगतो; आपण वीस देऊन ओळख वाढवावी. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे वकील दोनदा सांगेल. दोन्ही वेळा आपलं नाव जोडायला सांगावं. "रेडीरेकनरच्या भावाने दस्त, बाकी रोख" हे ठरलं असेल तर तेही लपवावं. सौदा फिसकटला की दस्तात लिहिलेल्या रकमेपलीकडचा पैसा सिद्ध कसा करायचा, हे वकिलाला तेव्हाच विचारू.

राहिली फी. टाइल्सच्या दुकानात दर चौरस फुटाला पाच रुपये जास्त गेले तर कुरकुर करू नये, पण सर्च रिपोर्टच्या फीत घासाघीस करावी. आणि वकिलाने कागद वाचून "हे घर घेऊ नका" म्हटलं तर "सौदाच झाला नाही, मग फी कसली?" असं म्हणायची आपल्याकडे चाल आहे. या मार्गदर्शकातलं बाकी सगळं खुशाल पाळा. तेवढी त्याची ठरलेली फी मात्र त्याच दिवशी, पूर्ण देऊन या.