ग्रीष्मकालीन बालविकास-संहिता
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील पालकांकरिता)

१ मे रोजी शाळेचा निकाल हाती पडून बालक वरच्या इयत्तेत चढल्याची खात्री झाली, की जूनच्या मध्यापर्यंत त्याच्या सर्वांगीण विकासाचा कार्यभार रूढीने पालकांकडे वर्ग होतो. आणि तो अंगावर येताच आजचा सुबुद्ध पालक प्रथम शिबिराची, मग त्याच्या शुल्काची आणि अखेरीस त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करू लागतो. अशांच्या हितार्थ, स्थूल स्नायूंचे चलन, सूक्ष्म स्नायूंचे चलन आणि भावनांचे नियमन या तिन्ही खात्यांचा कारभार बिनखर्चात चालावा म्हणून ही संहिता कलमवार सादर केली आहे. ती पूर्वापार अमलात असून केवळ दप्तरी दाखल व्हावयाची राहिली होती.

कलम १. हस्तनेत्रसमन्वय. याकरिता विटीदांडू विहित आहे. दोन्ही टोकांस निमुळती असलेली विटी दांडूने टिपून हवेत उडवावी आणि ती भूमीवर परतण्यापूर्वी टोलवावी, हा यातील शारीरिक भाग झाला. खरा अभ्यासक्रम त्यानंतर, म्हणजे वकट, लेंड, मुंड, नाल या क्रमाने अंतर मोजताना सुरू होतो. कारण दांडू कोठे टेकला आणि कोठे सरकला याविषयी उभय पक्षांचे जाबजबाब असे काही जुळत नाहीत, की तेथे भूमापन खात्याचा मुरलेला कारकूनही रजेवर जावा.

कलम २. स्थूल चलन. याकरिता सूरपारंब्या. झाडाखालच्या वर्तुळातील काठी पायाखालून लांब भिरकावली जावी. ज्याच्यावर राज्य असेल त्याने ती आणून जागी ठेवीपर्यंत इतरांनी शाखारोहण करावे, आणि नंतर त्याची नजर चुकवून, पारंबीला लोंबकळून खाली उतरून काठीस स्पर्श करावा. जावळी तालुक्यातील म्हसवे येथील वडाचा परीघ १८८२ साली मोजला असता १,५८७ फूट भरला होता. एवढ्या विस्ताराच्या मैदानावर एकट्या गड्याने राज्य कसे निभवावे, हा प्रश्न मात्र मोजणीदाराच्या अखत्यारीत नव्हता. इतके वैभव सर्वांच्या वाट्यास येत नाही. सबब गल्लीच्या टोकाचा वडही ग्राह्य मानावा.

कलम ३. सूक्ष्म चलन. माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि बालकाच्या बोटांना अर्थपूर्ण काम द्यावे, हा त्यांचा विचार येथील शिक्षकांनी आदराने ऐकला. त्या वेळीही आमच्या माजघरांत आजीच्या शेजारी बसून नातवंडे गव्हले वळीत होती. चिमटीत मावेल एवढी कणीक घेऊन तिला गव्हाच्या दाण्याचे रूप देण्यास जे अवधान लागते, ते कोणत्याही शुल्कात मिळत नाही. उडदाच्या पापडांच्या दिवशी लाट्यांचा काही अपहार होणारच. तो प्रशिक्षणखर्चात घालावा. गच्चीवरील कुरडयांची कावळ्यांपासून राखण करण्याच्या कामी बालकास तैनात करावे. मात्र राखणदाराची झडती घेऊ नये.

कलम ४. अनिश्चिततेचा स्वीकार. अजिंक्यतारा व यवतेश्वर यांच्या उतारांवरील जाळ्यांतून काट्यांस न दुखविता करवंद काढणे हे अर्धे शिक्षण. तोंडात टाकण्यापूर्वी ते फोडून आत लाल निघाल्यास कोंबडा व पांढरे निघाल्यास कोंबडी, असा पुकारा करणे हे उरलेले अर्धे. बाहेरून सारखीच काळी दिसणारी फळे आतून काय निघतील हे कोणासही ठाऊक नसते, आणि हरल्यावरही करवंद खावयास मिळते, एवढे तत्त्वज्ञान आठव्या वर्षास पुरेसे आहे.

कलम ५. भावनांचे नियमन. या खात्याचे अधिकारी बालकेच असतात. सर्वांत धाकट्यास ‘लिंबूटिंबू’ हा दर्जा देऊन खेळात घेण्याची, पण बाद न धरण्याची जी तरतूद बालकांनी केली आहे, तिच्याइतके दयाळू कलम मोठ्यांच्या कायद्यांत विरळा. पुढे त्याच धाकट्यास तो दर्जा अपमानास्पद वाटू लागतो आणि आपल्यावरही राज्य यावे म्हणून तो भांडतो. तो दिवस त्याच्या प्रौढत्वाचा पहिला दाखला समजावा. कट्टीचा कालावधी कोणीही ठरवून देऊ नये. लगोरीला गडी कमी पडू लागले, की परस्परांचे तोंड न पाहण्याची शपथ घेतलेले दोन्ही पक्ष विनाअट समेट करतात; कारण भिडू मिळविणे ही गरज अभिमानापेक्षा बलवत्तर असते.

कलम ६. जलविहार. येथे विनोद तहकूब करण्यात येत आहे. विहिरीत पाठीस भोपळा वा रिकामा डबा बांधून पोहणे शिकावे, आणि पोहणारा, जागा असणारा वडीलधारा माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. कृष्णेचे घाट रम्य आहेत. परंतु भिलवडी-औदुंबर परिसरातील नदीपात्रात मगरींचा वावर असून मगरीस लिंबूटिंबू हा दर्जा ठाऊक नाही.

कलम ७. पालकांची कर्तव्ये. पाण्याच्या कामी डोळ्यांत तेल घालून हजर राहावे, आणि जमिनीवरील खेळांत पूर्णपणे गैरहजर. खेळातील फिर्याद दाखल करून घेऊ नये, मध्यस्थी करू नये, गुण देऊ नयेत. गुडघा फुटल्यास हळद लावावी. सांगलीच्या बाजारपेठेमुळे तिचा तुटवडा पडण्याची भीती नाही. ‘कंटाळा आला’ असा तोंडी अर्ज आल्यास तो विचाराधीन ठेवावा. थोड्याच वेळात अर्जदार स्वतःच तो मागे घेऊन, कोणाची तरी चप्पल लगोरीच्या दगडांच्या शोधात झिजवीत असलेला आढळेल. या कलमाचे पालन सर्वांत कठीण आहे, कारण काहीही न करण्याचे प्रशिक्षण पालकांस कोणत्याही शिबिरात मिळालेले नसते.

शिबिराचे शुल्क आधीच भरले असल्यास ते परत मागून व्यवस्थापकांस अडचणीत आणू नये. पालकांच्या मनःशांतीप्रीत्यर्थ ते खर्ची घालावे. विनंती एवढीच, की ऊन उतरल्यावर मुलांना दाराबाहेर सोडावे आणि दिवेलागण होईपर्यंत हाक मारू नये.