‘आपलंच घर समजा’ म्हणणाऱ्या काकांस

तीर्थरूप काकांस,


पत्रास कारण की, फोनवर तुमच्याकडून उत्तर मिळत नाही. रेंज नसेल म्हणावं तर रोज पहाटे तुमचं गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ न चुकता येतं. डिसेंबरात मी विचारलं, ‘काका, खालची खोली पक्की ना?’ दुसऱ्या दिवशी गुलाब आला. ‘खोलीला लागून कमोड आहे ना?’ पुन्हा गुलाब, सोबत सुविचार. निम्मे पैसे ॲडव्हान्स पाठवून त्याचा स्क्रीनशॉट टाकला, तेव्हा मात्र तुम्ही ताबडतोब अंगठा दाखवलात. तो कोणत्या अर्थाचा अंगठा होता, ते आम्हाला जानेवारीत कळलं.

तुम्ही म्हणाल, कोकणात यायला एवढं प्लॅनिंग कशाला? निघावं, पोचावं, समुद्र बघावा. खरं आहे. पण यंदा २६ जानेवारी सोमवारी आली होती. शनिवार-रविवारला असा सोमवार जोडून मिळाला की पुणे ताम्हिणी घाटातून खाली उतरतं, मुंबई महामार्गाने येते आणि दोन्ही शहरांची गाठ माणगावच्या बाजारात पडते. तिथून पुढे म्हसळ्यावरून दिवेआगरला जा, श्रीवर्धनला जा नाहीतर हरिहरेश्वरला. आधी खोली ठरवली नसेल तर गाडीत झोपायचं. आणि आमच्याबरोबर आई होती. दिवाळीच्या आधी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालायचं, पण जिने टाळायचे, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिला पाण्यात जायचं नव्हतं, किल्ले बघायचे नव्हते. वाळूत खुर्ची टाकून बसायचं, एवढंच तिचं मागणं. त्यामुळे आमचं सगळं प्लॅनिंग एकाच गोष्टीभोवती होतं: खोली तळमजल्यावर हवी. तुम्ही फोनवर सांगितलंत, ‘अहो, आईंना खुशाल आणा. एक पायरी चढवणार नाही मी त्यांना. आपलंच घर समजा.’

बाकी कशाबद्दल माझी तक्रार नाही, नुसती नोंद करून ठेवते. समुद्र ‘पाच मिनिटांवर’ आहे तो बुलेटवर बसलेल्या तुमच्या पुतण्याला. फोटोतला झोपाळा फोटोतच आहे. ‘चोवीस तास गरम पाणी’ म्हणजे एक बंब आणि त्याच्यापुढे रांगेत मांडलेल्या सगळ्या घराच्या बादल्या. सुरमई थाळीतल्या तुकडीतून पलीकडचा भात दिसत होता. हे सगळं माफ. सोलकढी फक्कड होती.

आता मुद्द्याचं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मोठी ट्रॅव्हलर उभी होती, तिच्या मागे आणखी एक गाडी, आणि खालच्या खोलीसमोरच्या दोरीवर दुसऱ्यांचे टॉवेल वाळत होते. तुम्ही हसत पुढे आलात, हातात कोकम सरबताचा ट्रे. ‘जरा गडबड झाली बघा. मोठा ग्रुप आला अचानक. पण तुमची सोय केलीय, वरती. हवा वरतीच चांगली.’ काका, भांडायला तोंड उघडणाऱ्या माणसाच्या हातात सरबताचा पेला देण्याच्या तुमच्या युक्तीला तोड नाही. पेला ठेवायला जवळपास जागा नसते आणि तो हातात धरून ओरडता येत नाही. आधी प्यावं लागतं. पिऊन होईपर्यंत तुमच्या पुतण्याने आमच्या बॅगा वर नेलेल्या असतात.

ग्रुप ‘अचानक’ आला, असं तुम्ही म्हणालात. चौदा माणसांचे मासे साफ होऊन हळद-मीठ लावून ठेवलेले मी स्वतः पाहिले. मोदकांची उकड काढून झाली होती. नारळ खवून झाले होते. एवढी तयारी असलेलं अचानक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि तो जिना. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही रोज त्यावरून ये-जा करता आणि म्हणून तो तुम्हाला दिसत नसावा. जिना घराच्या बाहेरून आहे, उघड्यावर. जांभ्याच्या पायऱ्या, कुठलीही दोन सारख्या उंचीची नाहीत. चौथी सगळ्यांत उंच. एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूला काही नाही, म्हणजे खाली कपडे धुवायचा दगड. त्या बाजूने दोन बांबू उभे करून निळी नायलॉनची दोरी ताणली आहे आणि तिच्यावर धुणं वाळत घातलेलं होतं. तुम्ही खालून सांगितलंत, ‘दोरी धरून चढा, आई.’ आईने दोरी धरली. दोरी एका परकरासकट आणि दोन चिमट्यांसकट तिच्या हातात आली.

शेवटी ती पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली. हातांवर भार देऊन मागच्या पायरीवर सरकायचं, पाय ओढून घ्यायचा, पुन्हा सरकायचं. चौथ्या पायरीशी थांबली, दम घेतला, मला म्हणाली, ‘हात लावू नकोस, तोल जाईल.’ वर पोचली तेव्हा दोन्ही तळवे जांभ्याने लाल झाले होते. पदराला पुसत तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हवा मात्र खरंच छान आहे हो.’

संडास खाली, वाडीच्या बाजूला. संध्याकाळनंतर आईने पाणी पिणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. ताट वर आलं, जेवण झालं आणि तिचं तांब्या-भांडं भरलेलं तसंच राहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका, इथे मला गोड बोलता येत नाही. समुद्राकाठच्या गावात, विहिरीला गोडं पाणी असलेल्या घरात, तुम्ही शब्द दिलेला असताना एका म्हाताऱ्या बाईने तहान मारून रात्र काढली. आणि खाली, तिच्यासाठी मागून घेतलेल्या खोलीत पंचविशीतली पोरं पत्ते कुटत होती. दोन्ही गुडघे धड असलेली पोरं. त्यांच्यातल्या एकालाही वर झोपायला काही अडचण नव्हती. त्यांना विचारायचं कुणी? तुम्ही. विचारलंत? नाही. त्यांना विचारायची तुम्हाला भीड वाटली आणि आईला वर चढवताना वाटली नाही.

विसरलो म्हणून सांगू नका. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. भरती किती वाजता, असं मी विचारलं, तर हातातली झावळी खाली न ठेवता, कॅलेंडरकडे न बघता तुम्ही म्हणालात, ‘आज सप्तमी. साताची पाऊणकी, सव्वापाच.’ तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि सव्वापाचच्या सुमाराला पाणी खरोखरच चढून थांबलं. ज्याच्या डोक्यात चंद्राचा हिशेब इतका पक्का, त्याच्या डोक्यातून एक खोली निसटते? ती निसटली नाही, काका. ती तुम्ही दिलीत.

का दिलीत, तेही मला कळलं. त्यासाठी मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही सरबत दिलं असतंत.

रविवारी पहाटे मी खाली उतरले तेव्हा तुम्ही पडवीतल्या बाकावर झोपला होतात, अंगावर एक पंचा, उशाला सुपारीचं पोतं. तुमची स्वतःची खोलीही ग्रुपला दिली होती. काकू स्वयंपाकघरात चुलीपुढे, चौदा माणसांची घावनं घालत होत्या. त्या रात्री झोपल्या तरी होत्या का, मला शंका आहे. मग आई सरकत सरकत खाली आली. दिवसाला एक उतरण आणि एक चढण, एवढाच तिने त्या जिन्याशी करार केला होता. काकूंनी तिला पडवीत खुर्ची दिली आणि हातातली कामं उरकली की त्या तिच्याशेजारी सुपारी सोलत बसायच्या. त्यांनी आईला सांगितलं, आईने मला.

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि एका दुपारी तुमच्या वडिलांनी लावलेली सुपारीची वाडी आडवी झाली. श्रीवर्धनच्या रोठ्याचं नाव ऐकून लोक लांबून सुपारी न्यायला यायचे. त्या झाडांचे ओंडके उचलायलाच तुम्हाला पावसाळा पुरला नाही. घरावरची मंगळुरी कौलं उडाली, ती आता पत्र्याची झाली आहेत. सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. हेक्टरी! तुमच्याकडे वाडी गुंठ्यात मोजतात. गुंठ्याला पाचशे रुपये झाले. नवी रोपं लावलीत, पण सुपारी फळ धरायला सहा-सात वर्षं घेते आणि तोवर खायचं काय, याचं उत्तर कुठल्याच पंचनाम्यात नव्हतं. म्हणून कर्ज काढून वरची खोली बांधलीत. खोली झाली, जिना झाला आणि कठड्याच्या वेळेला पैसे संपले.

पुढचा हिशेब मला सांगायला नको. पावसाळ्यात माणूस फिरकत नाही. त्यात जून आणि जुलै मासेमारी बंद. परीक्षांचे आठवडे कोरडे. उरतात दिवाळी, नाताळ, मे महिना आणि असे जोडून आलेले सोमवार. तेवढ्यात वर्षाचा हप्ता बसवायचा. एकीकडे चौदा ताटं, दोन वेळची, न्याहारी वेगळी. दुसरीकडे आम्ही चार ताटं, त्यातलं एक शाकाहारी. तुमच्या जागी मी असते तर माझाही हात थरथरला असता. आणि ज्यांच्यासाठी हे केलंत, त्यांनी काय केलं? निघताना बिलात घासाघीस केली, वाळूत नेऊ नका म्हणून सांगितलेली गाडी वाळूतच घातली, ती रुतली, आणि ओढायला ट्रॅक्टर शोधत भर दुपारी तुम्हीच गावभर फिरलात. ‘आपलंच घर’ त्यांनी फारच मनावर घेतलं होतं.

तर हे सगळं मला कळतं. पण काका, वादळाने वाडी नेली, कौलं नेली. फोन नेला नव्हता. ‘मोठा ग्रुप आलाय, तुमची खोली देता येत नाही, दुसरीकडे बघा,’ एवढं एक वाक्य. गुरुवारी जरी कळवलं असतंत, तरी आम्ही दुसरी जागा शोधली असती, नाहीतर पुढच्या महिन्यात आलो असतो. तुम्हाला वाटतं, नाही म्हटलं की पाहुणा दुखावतो. अहो, आम्ही पुण्याचे. नकारावरच आम्ही लहानाचे मोठे झालोय. आमचा दुकानदार एक ते चार या वेळात ‘नाही’ म्हणायचीही तसदी घेत नाही, तरी पाच वाजता आम्ही त्याच्याच दारात असतो. नकार आम्हाला पचतो. तुमचा गोड होकार मात्र आईला जिन्यावर बसून फेडावा लागला.

आणि हे एकट्या तुमचं नाही, म्हणूनच पत्र खुलं लिहितेय. श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत कुठल्याही घरगुती निवासाला फोन लावा, पलीकडून ‘या हो’ असंच येतं. किती माणसं, कुठली खोली, जेवण सामिष की निरामिष, म्हातारं माणूस आहे का, हे कुणी विचारत नाही, सांगितलं तर लिहून घेत नाही. जेवायला वाढताना आग्रह करणारी माणसं खोली देताना एक ओळ लिहीत नाहीत. चाळीस रुपयांची एक वही आणा. तारीख, नाव, खोली, घेतलेले पैसे. ज्याचं नाव आधी, त्याची खोली. मागून चौदा जण आले तर त्यांना वरचा जिना दाखवा.

पैशांचं बोलते. वरच्या खोलीचं भाडं तुम्ही खालच्याच दराने घेतलंत. हवेचे वेगळे लावले नाहीत, आभारी आहे. दोन्ही खोल्यांतला फरक परत मागू नकोस, त्यांचं फार वाईट झालंय, असं आईचं म्हणणं आहे. माझं तसं नाही. मी तो मागते. फक्त माझ्या खात्यावर पाठवू नका. त्याचा लोखंडी पाइप आणा, वेल्डरला बोलवा आणि जिन्याला कठडा करून घ्या. पैसे कमी पडले तर कळवा, खरंच कळवा. पण मृगाच्या आधी. पाऊस लागला की त्या जांभ्यावर शेवाळ धरणार आणि त्याच जिन्यावरून काकू दोन हातांत दोन ताटं घेऊन चढणार. चौथ्या पायरीवर त्या गुडघ्याला हात लावून थांबतात, हे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलंय. त्यांनी तर ॲडव्हान्स भरलेला नाही, तळमजला मागितलेला नाही, आणि त्यांना हे घर आपलं समजा म्हणून कुणी सांगायचीही गरज नाही. आमच्यासाठी नसेल करायचं तर त्यांच्यासाठी करा, पण कठडा लागेपर्यंत ती खोली कुणाला देऊ नका.

कळावे,
आपली,
वरच्या खोलीत राहिलेली