विसाव्याची रीतसर कृती

ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे संथ होण्याची क्रिया सुरू करण्यापूर्वी कर्ता पुरेसा दमलेला असावा लागतो. नुसता कंटाळलेला माणूस या कामी चालत नाही. पात्रतेच्या दृष्टीने वसईचा ख्रिस्ती नोकरदार हा सर्वांत सोयीचा नमुना. पन्नासेक किलोमीटरवरच्या चर्चगेटला तो रोज उभ्याने जातो आणि उभ्यानेच परत येतो. घरामागे विहीर, केळी आणि वडिलोपार्जित नारळ असतात, पण ते त्याला दिवसाउजेडी दिसतात फक्त रविवारी. आणि तो रविवार चर्चच्या समितीला, गायकवृंदाला, दोन लग्नांना आणि पतपेढीच्या सभेला आधीच दिलेला असतो. ‘वेळच मिळत नाही’ हे वाक्य जो मोबाईलवरून नजर न उचलता म्हणू शकतो, त्याने पुढील सूचना लागू समजाव्यात.

साहित्य फारसे लागत नाही. एक घंटा, एक आज्ञा आणि एक पंचांग एवढ्यावर भागते, आणि तिन्ही गोष्टी चर्चमध्ये फुकट मिळतात. घंटेबाबत मात्र वसईकराची बाजू इतिहासाने थोडी लंगडी केली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या कित्येक घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरिया अजून दिसते. ज्या घंटांनी वसईला थांबवायचे, त्या अशा रीतीने सह्याद्रीपलीकडच्या लोकांना दर्शनासाठी बोलावू लागल्या. तरीही उरलेल्या आणि नंतर आलेल्या घंटांवर काम भागू शकते.

घंटेचा उपयोग असा. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या वेळी देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना म्हणायची असते. तीत तीन वेळा ‘नमो मरिया’ येते. सगळे मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नमुना-नोकरदार फलाटावर असतो, संध्याकाळच्या वेळी परतीच्या गाडीत शिरत असतो. फलाटावर डोळे मिटू नयेत. गाडी निघून जाते, आणि मागे उभ्या असलेल्याला भक्ती समजत नाही. राहता राहिली दुपारची. बारा वाजता हातातले काम, मग ते अर्धवट वाक्यावर का असेना, खाली ठेवावे. वाक्य पूर्ण करून मग थांबण्याची मुभा नाही. वाक्य पूर्ण करणारा पुढे परिच्छेद पूर्ण करतो आणि मग थेट जेवायलाच उठतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

नेमक्या याच सुमारास एक अडथळा येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने त्याची नोंद करून ठेवली आहे. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान एक भूत येते, असे तो सांगतो. ते सूर्य जागचा हलत नसल्याचे भासवते आणि दिवस पन्नास तासांचा करून सोडते. मग संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, कोणी भेटायला येतेय का बघतो, आपली कोठडी आपल्याला मुळीच मानवत नाही, दुसरीकडे गेलो तर बरे, असे मनात घोळवू लागतो. ज्याला कोणी कामाला लावत नव्हते, अशा माणसाची ही दशा. म्हणजे घाई गेली की शांतता आपोआप येते, हा समज सोळा शतकांपूर्वीच खोटा ठरला होता. आजचा नोकरदार खिडकीऐवजी खिशात बघतो, एवढाच फरक. एवाग्रियसचा उपाय साधा आहे : जागा सोडू नये. फोन पालथा ठेवणे ही त्याची सौम्य आवृत्ती मानता येईल, अट एवढीच की तो पाच मिनिटांनी पुन्हा सुलटा होता कामा नये.

दुसरी पायरी कामे सोडण्याची. येथे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे उदाहरण पुरते. वाळवंटात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करीत बसे आणि लोक रांगेत ताटकळत. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला, दुसऱ्या दिवशी हे सगळे बघत बसला आणि त्याने जावयाला सांगितले की हे काही बरे चाललेले नाही. तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमून मोशे मोकळा झाला, आणि सासरा फी न घेता आपल्या गावी परतला. यातला कठीण भाग माणसे नेमण्याचा नाही. नेमलेल्या माणसाने काम आपल्यापेक्षा वाईट केले तरी गप्प राहण्याचा आहे. चर्चच्या सणाचा मांडव यंदा दुसऱ्याने बांधला आणि झालर वाकडी लागली, तर ती वाकडीच राहू द्यावी. रात्री एकट्याने शिडी लावून सरळ करणाऱ्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल.

मुख्य विधी रविवारचा, तयारी शनिवारची. इस्राएल लोकांना वाळवंटात मान्ना हा देवाने दिलेला शिधा मिळे तो रोजच्यापुरताच. हावरेपणाने उद्यासाठी ठेवला की त्याला किडे पडत आणि वास सुटे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो दुसऱ्या दिवशीही टिके. यावरून दोन नियम निघतात. बाजार, इस्त्री आणि वीजबिल शनिवारी आटपावे. आणि सोमवारची कामे रविवारीच करून ठेवली की सोमवार हलका जातो या हिशेबावर विश्वास ठेवू नये. ती कामे किडतात. निदान सोमवारी सकाळी साहेब ती नव्याने करायला सांगतो.

रविवारबद्दल चर्चचा कायदा वाटतो त्यापेक्षा नेमका आहे. कॅनन कायद्याचे १२४७ वे कलम मिस्सा या उपासनाविधीला जाण्याबरोबरच उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि शरीर-मनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळायला सांगते. लगेच पुढच्या कलमात आदल्या संध्याकाळची मिस्सा चालेल अशी सोय आहे. ही सोय आजारी, म्हातारे आणि पाळीवर जाणारे यांना उपकारक ठरते. बाकीचे तिच्या जोरावर मिस्सा शनिवारीच ‘उरकतात’ आणि रविवार मोकळा करून त्यात आणखी कामे भरतात. उरकलेली मिस्सा कायद्याने धरली जाते. या मार्गदर्शिकेत धरली जात नाही.

पळवाटा इतरही आहेत. रविवारी विश्रांतीचा सरकारी हुकूम प्रथम कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२१ साली काढला, पण पेरणीचा मोका हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना त्यातून वगळले. वसईतल्या बागायतदाराने केळी तोडताना हा दाखला देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की बादशहाचा बाप्तिस्मा तेव्हा व्हायचा होता. तो झाला मृत्युशय्येवर. रविवारच्या बाबतीत सर्वांत शिस्तीची संस्था म्हणावी तर पश्चिम रेल्वे. तिचा रूळदुरुस्तीचा जम्बोब्लॉक साधारण सकाळी दहाला सुरू होतो आणि दुपारी तीनपर्यंत चालतो, म्हणजे एवाग्रियसच्या भुताची वेळ पुरती व्यापून वर थोडा उरतो. ज्याला स्वतःच्या निश्चयाने घरी बसता येत नाही, त्याने रेल्वेच्या निश्चयाचा लाभ घ्यावा. चर्चमधील बैठकांवर मात्र असा ब्लॉक नसतो. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रविवार पाळण्याविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. दोहोंपैकी बैठका कशामुळे वाढल्या, हे सांगायची गरज नाही.

आता गाभ्याची सूचना, आणि बहुतेक विसावे इथेच नापास होतात. दहा आज्ञांमधली विश्रांतीची आज्ञा एकट्या कर्त्याला दिलेली नाही. तीत एक यादी आहे : मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. घरधनी निजला आणि गडी राबला, तर आज्ञा मोडलीच. ही यादी हातात घेऊन रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे. सातच्या मिस्सेला जायचे म्हणून घरची बाई साडेपाचला उठलेली असते. मसाला लावलेले मटण आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असते, नारळ अर्धा किसून झालेला असतो आणि किसणीखालच्या ताटात खोबऱ्याबरोबर करवंटीची एक काळी कपचीही पडलेली असते. मिस्सेहून परतल्यावर नोकरदार खुर्चीत टेकतो, ‘आज कसं निवांत वाटतंय’ असे म्हणतो आणि आतून मिक्सरचा आवाज येतो. हा विसावा नव्हे. हे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणे झाले. सुधारणा म्हणून जेवण बाहेरून मागवण्याची सूचना येते. पण दुचाकीवर पिशवी लावून उन्हातून येणारा मुलगा हा यादीतला वेशीच्या आतला परकाच. कृती अशी : कपची वेचावी, नारळ किसायला घ्यावा. रविवारी मटण झालेच पाहिजे असा हुकूम पवित्र शास्त्रात कोठेही नाही. पेज आणि सुकी मासळी यांवरही रविवार पाळला जातो.

यादीचा अर्थ ओळखण्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही, याला मुंबईचा इतिहास साक्षी आहे. साहेब रविवारी चर्चला जात असताना गिरणीचा कामगार मात्र कामावर असे. त्याच्यासाठी साप्ताहिक सुट्टी मागितली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण पुढे केले गेले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. थोडक्यात, आज वसईकर ज्या सुट्टीत मिस्सेला जातो, तिच्यात फुल्यांच्या अनुयायाचाही वाटा आहे. काम बंद ठेवल्याने धंदा बुडतो अशी भीती वाटणाऱ्याने अलिबागकडच्या बेने इस्राएलांकडे पाहावे. तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. धंद्याइतकीच सुट्टीनेही नाव मिळवून दिलेली अशी जमात विरळाच.

दुपारच्या झोपेला शास्त्राधार भरपूर आहे. एलिया संदेष्टा पळून पळून थकला, एका झुडपाखाली बसला आणि आता मरण येऊ दे म्हणाला. देवदूताने उपदेश केला नाही. त्याला उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दाखवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवले तेही जेवायलाच. कामाचे बोलणे कितीतरी दिवसांनी, डोंगरावर पोचल्यावर झाले. येशूही वादळात होडीच्या मागच्या भागात झोपला होता, आणि शुभवर्तमानकार मार्कने तिथल्या उशीचीही नोंद करून ठेवली आहे. होडीतल्या शिष्यांत अनुभवी कोळी होते, तरी घाबरून त्यांनी त्याला उठवले. तेव्हा बैठकीला जाताना उशी न्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या अध्यक्षाचा स्वभाव पाहून द्यावे.

पंचांगाचा उपयोग पुढच्या इयत्तेत होतो. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ नवशिक्यांना सोपा जातो, कारण त्यात करण्यासारखे पुष्कळ असते : उपास, क्रूसाची वाट, दान, मटण वर्ज्य. कामसू माणूस या काळात खुलतो. खरी परीक्षा त्यानंतरची. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ आणि ईस्टर वगळून वर्षातले तेहेतीस-चौतीस आठवडे चर्चने सामान्य काळ म्हणून ठेवले आहेत. धर्मगुरूंचा झगा हिरवा, वाचने ओळीने पुढे जाणारी, आणि रविवारमागून रविवार सजवण्यासारखे फारसे काही नाही. पावसाळाभर हाच काळ चालतो. समितीचे चिटणीस या दिवसांत बेचैन होतात आणि ‘काहीतरी उपक्रम घेऊ या’ असा निरोप ग्रुपवर टाकतात. त्या निरोपाला उत्तर देऊ नये. अंगठाही दाखवू नये. त्याची उपस्थितीत नोंद होते.