अव्वल कारकुनाचे मेतकूट

निवृत्तिवेतन सुरू होऊन वर्ष लोटते न लोटते तोच ज्यांना उद्योगधंद्याचा साक्षात्कार होतो, आणि तो झाल्यावर माल, भांडवल व गिऱ्हाईक या तीन क्षुल्लक बाबी बाजूस सारून ज्यांना प्रथम संकेतस्थळाची आठवण येते, अशा गृहस्थांपैकी एखादा आपल्याही आळीत असेलच. साताऱ्यातल्या आमच्या वाट्याला आलेल्या अशा गृहस्थांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून दफ्तर सांभाळून ते निवृत्त झाले आणि वहिनींच्या हातचे मेतकूट जगाला विकण्याचा निश्चय त्यांनी केला. (वहिनींना तो मागाहून कळविण्यात आला.) पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेली त्यांची पुतणी एका रविवारी आली, संकेतस्थळाचा सांगाडा उभा करून गेली, आणि जाता जाता म्हणाली, "आता फक्त मजकूर तेवढा भरा, काका." ज्या माणसापुढे हे वाक्य चुकूनही उच्चारू नये, नेमक्या त्याच माणसापुढे त्या पोरीने ते उच्चारले होते.

राजवाड्यासमोर मी मेथीची जुडी निवडत असता भाऊसाहेबांनी मला गाठले आणि टाचणी लावलेले कागद पुढे केले. "'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर आहे. वाचा आणि शेरा मारा. हा अंतिम मसुदा नव्हे." मी वाचू लागलो. 'इ. स. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तेव्हा आमच्या खापरपणजोबांनी...' असा त्या मेतकुटाच्या जाहिरातीचा आरंभ होता, आणि राज्य खालसा झाल्यापासून मेतकुटापर्यंत पोहोचण्यास वाचकाला पाच पाने चालावे लागत होते. पुढे 'चार भिंती'च्या टेकडीवर फिरायला गेलो असता सुधारित मसुदा हाती आला. त्यात राज्य दोन परिच्छेद उशिरा खालसा होत होते, कारण त्याआधी प्रतापसिंह महाराजांची 1839 सालची पदच्युती सविस्तर आली होती. एका मुंजीत, ऐन भिक्षावळीच्या गर्दीत, तिसरा मसुदा माझ्या ताटाशेजारी येऊन बसला. राज्य अद्याप शाबूत होते आणि मेतकूट आणखी एक पान मागे हटले होते. "हा अंतिम मसुदा नव्हे," भाऊसाहेब जिलबीकडे पाहत म्हणाले.

मालाच्या वर्णनाचे पान मात्र त्यांनी एका बैठकीत लिहिले, आणि ते मला जवळजवळ तोंडपाठ आहे. 'विषय : मेतकूट, वजन 200 ग्रॅम, पुरविण्याबाबत. संदर्भ : ग्राहकाची भूक (तोंडी). उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदरहू मेतकूट हे हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथी, सुंठ, हळद व हिंग हे जिन्नस यथोचित भाजून व दळून तयार करण्यात आले असून, ते मऊ भातावर साजूक तुपासह पुढील कार्यवाहीस्तव सादर.' खाली डाव्या हाताला 'प्रत : स्वयंपाकघर, माहितीसाठी' अशी नोंद होती. पुतणीने हात जोडून सांगितले की, लोक हे सगळे मोबाइलवर वाचतात आणि दोन ओळींच्या पलीकडे कोणी जात नाही. भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला. "मग महत्त्वाचा मजकूर तिसऱ्या ओळीपासून घेऊ," ते म्हणाले, "गोपनीयता राहील."

संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीतच हवा, हा त्यांचा आणखी एक आग्रह. 2014 पासून '.भारत' या शेपटाचे देवनागरी पत्ते मिळू लागले आहेत, हे त्यांनी कोठून तरी हुडकून काढले होते. पत्ता मिळाला, परंतु निम्मी मराठी प्रजा 'मेतकूट' हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहिते, आणि संगणकाला ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत व्याकरणाच्या जुन्या मास्तरांइतकीही दयामाया नसल्यामुळे, ती सगळी मंडळी शून्यात जाऊन परत येऊ लागली. दुसराही पत्ता घेऊन ठेवावा, खर्च फार नाही, असे पुतणीने सुचविले. "अशुद्धाची नोंदणी माझ्या हातून होणार नाही," असा निकाल मिळाला.

कायद्याच्या बाबतीत मात्र त्यांना कोणी नाव ठेवू नये. अन्नपदार्थ विकायचा तर लागणारा 14 अंकी क्रमांक त्यांनी सर्वांआधी मिळविला. आणि ऑनलाइन विक्रीसंबंधीच्या 2020 सालच्या ग्राहक संरक्षण नियमांत तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे कलम सापडले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर बढतीचा हुकूम हाती पडल्याचे तेज आले. त्या जागेवर त्यांनी स्वतःची नियुक्ती केली. पहिली तक्रार वहिनींची होती : जेवणाचे टेबल मसुद्यांखाली गाडले गेल्यामुळे माणसे ओट्याशी उभ्याने जेवत आहेत. भाऊसाहेबांनी ती लेखी मागितली, 48 तासांच्या आत जावक क्रमांक घालून पोच दिली, आणि निकालासाठी नियमात एक महिन्याची मुदत आहे ती पुरेपूर वापरली.

एकदा मी चिडून विचारले की, हे मेतकूट विकायला कधी काढणार? त्यावर त्यांनी मला किर्लोस्करांचा दाखला दिला. किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याच्या वार्ता देण्यासाठी, आणि पुढे तिचे केवढे मासिक झाले! "खरे आहे," मी म्हणालो, "पण त्यांचा नांगर आधी तयार होता." एव्हाना वहिनींनी शेजारपाजारच्या बायकांच्या फोनवरून दोन ओळींचा निरोप फिरवून डबेच्या डबे मेतकूट विकून टाकले होते, आणि संकेतस्थळावर दाखविण्यापुरतेही घरात उरले नव्हते.

या माणसाला टाळण्यासाठी मी राजवाड्याची मंडई सोडून दिली होती, हे खरे. तरी परवा त्यांच्या घरी बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मनातून जात नाही. टंचाईचे अहवाल, कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कधीही न संपणारी प्रकरणे, विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे असा सहस्रावधी मजकूर या गृहस्थांनी आयुष्यभर लिहिला, परंतु त्यातल्या एकाही कागदाखाली त्यांची सही नाही. लेखणी यांची, आणि खाली कोणा बदलून आलेल्या व बदलून जाणाऱ्या साहेबाचे नाव. तुम्ही कोण, असे भाऊसाहेबांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. ते विचारले पुतणीने उभ्या केलेल्या त्या रिकाम्या पानाने. मग उत्तर 1848 पासून सुरू झाले, तर आपण कोण हरकत घेणारे?

त्या पानावरून त्यांना पहिले पत्र आले ते रायगड जिल्ह्यातून. मेतकुटाचा त्यात उल्लेखही नव्हता. आजोबा कोयनेच्या पाण्यामुळे उठून तिकडे गेले, जमीन मिळाली, पण सातबाऱ्यावर नाव लागलेले नाही. आपण कचेरीत होता असे 'आमच्याविषयी'मध्ये वाचले, तर अर्ज कसा करावा? भाऊसाहेबांनी रात्र जागून अर्ज लिहून पाठविला. आणि तो, आश्चर्य म्हणजे, एका पानाचा होता. त्यानंतर अशी पत्रे येतच राहिली. मी म्हणालो, हाच खरा धंदा आहे, माफक फी लावा. ते दुखावले. "मसुद्याचे पैसे मी नोकरीतही कधी घेतले नाहीत."

सरकारी टेबलांचे दर आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतात, तेव्हा मी काही वेळ बोललो नाही. मग म्हणालो, की खापरपणजोबा, प्रतापसिंह महाराज, सगळे काढून टाका आणि एवढे एकच वाक्य त्या पानावर ठेवा. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, ते वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहून पुष्कळ वेळ न्याहाळले, आणि मग त्यावर आडवी रेघ ओढली.

"नको. सोबत पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय असे विधान करता येत नाही."