गिअर उघडे की झाकलेले?

युरोपातल्या नेदरलँड्सचा सर्वांत उंच डोंगर म्हणजे वालसेरबर्ख. उंची 322 मीटर. सदाशिव पेठेतला तळमजल्यावरचा भाडेकरू समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर बसून पेपर वाचत असतो, हे मी एकदा इथल्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा दोन-तीन लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. परदेशात पुणेकराला एवढंही पुरतं.

तर अशा देशात, त्यातही आम्स्टलवेनसारख्या गावात, जिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, तिथे सायकलला गिअर हवेत कशाला? याचं उत्तर नोव्हेंबरात थेट समोरून येतं, आणि बहुतेकदा पाऊस घेऊन येतं. इथला डोंगर आडवा असतो आणि त्याला वारा म्हणतात. डच लोकांना त्याचं कौतुक इतकं, की वादळ आलं की समुद्रावरच्या ऑस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर उलट्या वाऱ्यात सायकल मारायची राष्ट्रीय स्पर्धाच भरवतात. अंतर साडेआठ किलोमीटर, आणि सगळ्यांना सारखी, बिनगिअरची सायकल. हौसेला मोल नसतं. मला मात्र रोज त्याच वाऱ्यातून ऑफिसला पोचून नऊच्या मीटिंगमध्ये माणसासारखं दिसायचं असतं. म्हणून विजेची सायकल घ्यायची ठरली. यात क्रांतिकारक काही नाही. या देशात आता विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींत निम्म्याच्या आसपास विजेच्या असतात.

बॅटरी, मोटर, रंग हे सगळं पाऊण तासात ठरलं. मग दुकानदाराने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गिअर कुठले? हबमधले की डिरेलर?" त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले.

ज्यांनी आयुष्यभर फक्त ॲटलास चालवली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिरेलर म्हणजे उघड्यावरचा कारभार. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड, तिच्याखाली लोंबणारा एक हात, आणि तो हात चेनला ढकलत या चकतीवरून त्या चकतीवर नेतो. हबचा कारभार बंद दाराआड चालतो. चाकाच्या मधल्या डबीत सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि त्या सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. कोणी थांबायचं आणि कोणी फिरायचं यावर वेग ठरतो. चेन बाहेर एका रेषेत, आपल्या जागी. आत सूर्य आणि ग्रह आहेत म्हटल्यावर आमच्या आत्याने फोनवर साडेसाती चालू असताना असली सायकल घ्यावी का, असं विचारलं होतं. तिला मी बॅटरीची वॉरंटी दोन वर्षं आहे असं सांगितलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही.

डिरेलर पक्षाचे नेते म्हणजे माझे ऑफिसातले एक सहकारी. हे गृहस्थ रविवारी पहाटे अंगाला चिकटणारे कपडे घालून शंभर किलोमीटर जाऊन येतात आणि सोमवारी त्याबद्दल तेवढाच वेळ बोलतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. डिरेलर हलका, स्वस्त, आणि स्वच्छ ठेवला तर पायाची ताकद त्यात जवळजवळ वाया जात नाही. मागे 11 ते 42 दातांची कॅसेट, म्हणजे ती चकत्यांची उतरंड, घेतली, की सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये जवळजवळ चौपट फरक मिळतो. शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस हबमध्ये तो तिपटीच्या जरा वर, 307 टक्के. "हब म्हणजे म्हाताऱ्यांचं काम," असा त्यांनी समारोप केला.

मी पन्नाशी ओलांडलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना इतिहास ठाऊक नव्हता, आणि इतिहासात हात घातला की मराठी माणूस सहसा हरत नाही. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनी 1902 सालीच, म्हणजे ती शर्यत सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवलं होतं की गिअर हा प्रकारच मुळी पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे. त्यांच्या शर्यतीत नामांकित स्पर्धकांना डिरेलर वापरायची मुभा मिळायला 1937 साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्यावर या गृहस्थांची रविवारची मर्दुमकी अवलंबून आहे, ती वस्तूच म्हाताऱ्यांची म्हणून नाकारली गेली होती. ते गप्प झाले. दहा मिनिटांनी त्यांनी मला चेन साफ करायच्या ब्रशची लिंक पाठवली.

हब पक्षाचं नेतृत्व पुण्याहून होत होतं. आमच्या बाबांकडे तरुणपणी एक जुनी रॅली होती, तिला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. नॉटिंगहॅमचा हा माल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. बाबांनी ती सायकल जपली तशी आम्हां भावंडांना जपली असती तर, असं आई अजून म्हणते. मला ती नीट आठवते. हँडलवर बोटाने दाबायची खिट्टी, तिच्यावर एच, एन, एल अशी अक्षरं. मागच्या चाकाच्या आसातून बाहेर येणारी करंगळीएवढी साखळी, जी केबलला जोडलेली. आणि हबच्या कवचावर, वंगण पुसलं तर दिसणारा, तो हब बनल्याचा ठसा. मधला गिअर सरळ, वरचा एक तृतीयांशाने जड, खालचा पाव हिश्शाने हलका. बस, एवढंच. या एवढ्यावर बाबा डेक्कनवरून कात्रजला जाऊन यायचे.

"आयुष्यात एकदा उघडला नाही तो हब," बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "आठवड्याला तेलाचे दोन थेंब. संपलं."

"बाबा, पण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तो एक भलताच गिअर होता ना?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. केबल जरा सैल झाली की त्या हबमध्ये दुसरा आणि तिसरा यांच्यामधे अशी एक जागा यायची, जिथे कुठलाच गिअर लागलेला नसे. पायडल एकदम मोकळं फिरायचं आणि उभं राहून जोर लावणारा माणूस थेट नळीवर आदळायचा. लकडी पुलावर बाबांचं असं झालेलं आहे. त्या प्रसंगानंतर दोन दिवस ते कुशीवर झोपत होते, ही माहिती आईने मागून पुरवली.

"ते केबलचं होतं," बाबा म्हणाले. "हबचा काय दोष?"

नंतर दुकानात गेलो तेव्हा सगळे हब समोर मांडून ठेवलेले. एका हबचं नाव एन्व्हिओलो. त्यात गिअरच नाहीत. आत गोळे असतात, ते कलतात आणि वेग हळूहळू सरकत जातो. मूठ पिळली की हँडलवरच्या खिडकीत एक छोटा सायकलवाला दिसतो. पिळत जावं तशी त्याच्याखालची सरळ रेघ फुगून टेकडी होते, आणि तो बापडा त्या टेकडीवर चढतो. उलट पिळलं की पुन्हा सपाट रस्ता. मी ते चित्र इतक्या वेळा चढवलं-उतरवलं, की बायकोने "अरे, तुटेल ते" म्हणून माझा हात बाजूला केला. निव्वळ त्या चित्रासाठी मी ती सायकल घेतली असती.

मग जर्मनीच्या रोलॉफचा हब दाखवण्यात आला. 14 गिअर, 526 टक्के पल्ला, प्रत्येक पायरी सारख्या अंतराची, जगप्रवास करणाऱ्यांचा आवडता. नुसत्या हबची किंमत हजार युरोच्या वर. पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा त्याचं तेल बदलायचं. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी खोबरेल चालतं का विचारलं. रोलॉफ तिथेच ठेवला.

आता गंभीर मुद्दा, कारण इथेच बरेच जण फसतात. हबविरुद्धचे जुने आक्षेप दोन: वजन जास्त, आणि आतल्या चक्रांच्या घासाघाशीत थोडी ताकद जाते. पायावर चालणाऱ्या सायकलीला हे आक्षेप खरे आहेत. पण ज्या सायकलीचं वजन बॅटरीसकट पंचवीस किलोच्या आसपास आहे, तिच्यात हबचं थोडं जादा वजन कोणाच्या लक्षात येणार? आणि जी थोडी ताकद वाया जाते, ती मोटर मुकाट्याने भरून काढते. म्हणजे मोटर आल्यावर हबचे दोष झाकले जातात. डिरेलरचं नेमकं उलटं होतं. पायडलपाशी बसवलेल्या मोटरचा सगळा जोर चेनवरूनच मागे जातो. पायांचा जोर अधिक मोटरचा जोर, वर इथला पाऊस, वाळू, आणि हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून सायकलच्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ. जानेवारीत माझ्या जुन्या डिरेलरच्या चेनवरून बोट फिरवलं तर जे काळं, खरखरीत मलम हाताला लागायचं ते साबणाने जात नसे, लिंबाने जात नसे, शर्टाला मात्र ताबडतोब लागे.

सिग्नल हा आणखी एक मुद्दा. डिरेलरचा गिअर बदलायला पायडल फिरत असावं लागतं. समोर दिवा एकदम लाल झाला आणि आपण जड गिअरमध्ये थांबलो, की हिरवा होईपर्यंत तसंच ताटकळायचं आणि मग पंचवीस किलोचं ओझं त्याच जड गिअरमध्ये ओढायचं; मागे शाळेची पोरं घंटी वाजवत असतात. हबला हे दुःख नाही. उभ्या उभ्या गिअर बदला, हिरवा लागला की निघा. मात्र चालत्या हबमध्ये गिअर बदलताना पाय क्षणभर सैल सोडायचा. मोटरने जोर लावलेला असताना बदलू म्हटलं तर आतले ग्रह ऐकत नाहीत.

स्टेशनाबाहेरचा स्टँड डिरेलर पक्षाने विचारातच घेतला नव्हता. गर्दीच्या वेळी शेजारची सायकल काढणारा माणूस आपल्या सायकलला शिवी न देता जात नाही, आणि ओढताना पहिला धक्का बसतो तो खाली लोंबणाऱ्या डिरेलरला. त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर नावाचा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दामच नरम केलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचावी आणि तो वाकावा. तो जरासा वाकला, डोळ्यांना कळणारही नाही इतका, तरी सहावा मागितला की सातवा पडतो.

शेवटचा निकाल गणपतीने दिला. इथल्या मंडळाचा कार्यक्रम म्हणजे बायको साडीत, आणि साडीत सायकल. डिरेलरची चेन उघडी, चकत्या उघड्या. पदर आणि निऱ्या त्या उतरंडीत गेल्या तर काय होतं हे सांगायला नको. हबची चेन एका रेषेत असल्यामुळे तिला पूर्ण झाकण घालता येतं, नाहीतर सरळ पट्टाच बसवता येतो.

"पट्टा म्हणजे गिरणीचा?" बाबांनी विचारलं.

बाबांना फारसं समजवावं लागलं नाही. रबरासारखा दातेरी पट्टा, आत कार्बनचे धागे, तेल नको, पाण्याने धुवायचा. एकच अडचण: चेनसारखा तो उघडून जोडता येत नाही, म्हणून फ्रेमच्या मागच्या बाजूला एक सांधा ठेवावा लागतो, आणि अशी फ्रेम पहिल्यापासूनच घ्यावी लागते.

मागचं चाक पंक्चर झालं की हबचं चाक काढणं कटकटीचं, केबल सोडा, नट काढा, हा आक्षेप मान्य. पण इथला सायकलवाला चाक काढतच नाही. टायरची एक कड उचलतो, ट्यूब बाजूने ओढून घेतो, पाण्यात बुडवतो, बुडबुडा शोधतो, ठिगळ लावतो. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही हेच करायचा, फक्त त्याचं घमेलं लोखंडी होतं.

आम्ही दोघांसाठी हबच घेतला: नेक्ससचे आठ गिअर आणि पट्टा. सपाट मुलूख, ओला हिवाळा, रोजचा सिग्नल आणि चेन धुवायचा कंटाळा, एवढ्या चार गोष्टी असतील तर हबच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पैसे जास्त पडतात, ते द्यावेत. लिंबुर्गच्या टेकड्यांत किंवा आल्प्सच्या पायथ्याशी राहत असाल तर डिरेलर घ्यावा आणि ब्रशही घ्यावा. ब्रशची लिंक माझ्याकडे आहे.

पुण्यातल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे मिळणाऱ्या विजेच्या सायकलींत बहुतेकदा मोटरच मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेली असते. दुकानदार "हब आहे साहेब" म्हणाला तर तो मोटरबद्दल बोलतोय, गिअरबद्दल नव्हे; ती डबी मोटरने भरलेली आहे, तिथे गिअरला जागाच नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला डिरेलरच. तो घ्या, खुशाल घ्या, फक्त सायकलबरोबर एक जादा हँगर आजच मागून घ्या. बहुतेक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, आणि मॉडेल बंद झालं की तो मिळणं कठीण होतं.