पायी चालणाऱ्यांनी कृपया बायपासने जावं

अमरावती ते अकोला. 2022 चा जून. 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत पुरा झाला. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला, वऱ्हाडाची छाती फुगली. फुगायलाच हवी.

आता अमरावतीच्या इर्विन चौकात उतरा आणि आजारी माणसाला धरून दवाखान्याकडे रस्ता ओलांडून दाखवा. त्यातली वरची 33 मिनिटं तरी इथंच जातील.

म्हणजे आम्हाला रस्ता करता येतो. गावाबाहेरचा.

गावातल्या रस्त्याचा आराखडा करताना वाहनं मोजतात. माणसं कोण मोजतं? इतवाऱ्यात भाजीला निघालेली बाई, शिकवणीला निघालेली पोरगी, पेन्शनसाठी काठी टेकत बँक गाठणारे आजोबा. यांची नोंद कुठल्या रकान्यात? म्हणून मग उड्डाणपूल झाला, तो यांच्या डोक्यावरून गेला.

अगदी शब्दशः.

फुटपाथ आहे ना राजेहो! बाजारातल्या कुठल्याही रस्त्यावर बघा. आधी गट्टू, त्यातले दोन उखडलेले. मग दुकानाची वाढीव पायरी. पायरीखाली साडी नेसवलेली पुतळी, पुतळीपुढं मालकाची स्कूटर, स्कूटरला खेटून विजेची डीपी. उरलंच काही, तर गटाराचं झाकण. तेही अर्धं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथ निदान 1.8 मीटर मोकळा हवा. तेवढ्यात आमची पुतळी ऐसपैस उभी राहते.

अतिक्रमणाचं पथक येतं आणि उचलतं काय? केळीची गाडी. 2014 च्या कायद्यानं फेरीवाल्याचं सर्वेक्षण करायचं, त्याला प्रमाणपत्र द्यायचं, जागा द्यायची. पुतळीला यातलं काहीच लागत नाही.

चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये बजावलं. न्यायालय दिल्लीत आहे, हे आपल्या महापालिकांचं नशीब.

आणि ऊन? मे 2024 मध्ये पारा 45 अंशांपुढं गेला, तेव्हा अकोल्यात कलम 144 लावावं लागलं. दंगल नाही, मोर्चा नाही, ऊन! सूर्याला नोटीस बजावता येत नाही, म्हणून माणसांना बजावली.

तरीही रस्ता रुंद करायचा म्हटलं, की पहिली कुऱ्हाड कडुनिंबावरच. मग काँक्रीट ओतायचं, ते दिवसभर तापणार आणि रात्री जेवणं झाली तरी वाफा सोडणार. झाडं लावतात हो, नाही असं नाही. दुभाजकात. गुडघ्याएवढी, शोभेची. त्या सावलीत उभं राहायचं, तर आधी दोन्ही बाजूंच्या ट्रका थांबवायच्या.

गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच आहे. बाबा खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडले. आज त्यांच्याच नावाच्या नगरातून निघाले असते, तर पंचवटी चौकात हॉर्न खाल्ले असते.

रहिवाशांना विचारून रस्ते आखा म्हटलं, की साहेब सल्लागार नेमतात. सल्लागार पुण्या-मुंबईहून येतो, एसी गाडीतून पाहणी करतो आणि पडद्यावर रंगीत चित्र दाखवतो. चित्रात सायकलवाले हसत असतात, बाकावर आजी बसलेली असते.

चित्र राहू द्या. सल्लागार, साहेब आणि ठेकेदार या तिघांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता इतवाऱ्यातून राजकमल चौकापर्यंत पायी न्या. हातात भाजीच्या भरल्या पिशव्या द्या. गाडी मागून येऊ द्यायची नाही, एवढीच अट. कुठला गट्टू हलतो, हे ठेकेदाराला पाठच असेल. त्याला पुढं चालवा.